मुलांच्या ॲपेंडिक्स शस्त्रक्रियेत प्रतिजैविके किती दिवस? जबलपूरच्या निमित्ताने एक मागोवा

जबलपूर : बालकाच्या आंत्रपुच्छाची, म्हणजेच ॲपेंडिक्सची, शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला प्रतिजैविके किती दिवस द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियागृहातच ठरते. आंत्रपुच्छ सुजलेले परंतु अखंड असेल, तर छेद घेण्यापूर्वी दिलेली एक मात्रा पुरेशी असते. ते फुटलेले असेल, तर औषध पुढे काही दिवस चालवावे लागते. या मुद्द्यावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आज फारसा मतभेद उरलेला नाही. तरीही पहिल्या प्रकारच्या मुलालाही 'खबरदारी म्हणून' अनेक दिवस इंजेक्शने देण्याची आणि घरी जाताना गोळ्यांची पट्टी हाती ठेवण्याची सवय आपल्याकडे सुटलेली नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलाच्या बाबतीत अडचण निराळी असते. त्याला औषध निश्चित लागते. परंतु ते कोणते आणि केव्हा थांबवावयाचे, हे ठरविण्याची शिस्त सर्वत्र सारखी नसते.

मध्य प्रदेशातील जबलपूर हे या दोन्ही प्रकारची मुले एकाच ठिकाणी येणारे शहर आहे. महाकोशलातील मंडला, दिंडोरी, सिवनी, कटनी, नरसिंहपूर, दमोह या जिल्ह्यांतील गंभीर रुग्णांसाठी येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे शासकीय आश्रयस्थान होय. १९५५ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा जबलपूर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती; विदर्भही त्याच राज्यात होता. राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये सीमा बदलल्या, तरी सिवनी आणि बालाघाट या सीमेवरील भागांतील रुग्णांना उत्तरेस जबलपूर आणि दक्षिणेस नागपूर असे दोन रस्ते आजही मोकळे आहेत. शहरातील मूल पोट दुखू लागल्यावर काही तासांत शल्यचिकित्सकापुढे येऊ शकते. मंडला सुमारे १०० किलोमीटरवर आणि दिंडोरी सुमारे १५० किलोमीटरवर आहे; तेथील आदिवासी पाड्यावरच्या मुलाला गावचे औषध, तालुक्याचे ठिकाण, जिल्हा रुग्णालय आणि मग जबलपूर असा प्रवास करावा लागला, तर मधल्या काळात आंत्रपुच्छ थांबून राहत नाही.

आजार कसा वाढतो

आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या आरंभाशी जोडलेली, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी आहे. विष्ठेच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसिका-ऊतींमुळे तिचे तोंड बंद झाले की आत स्राव साचतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू भित्तिकेत शिरतात. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूस खाली सरकते; सोबत मळमळ, उलटी, अन्नावरची वासना उडणे आणि बारीक ताप असतो. मुलांत तातडीने करावयाच्या पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये या आजाराचा क्रमांक पहिला लागतो आणि दहा ते वीस वर्षे वयोगटात तो सर्वाधिक आढळतो.

अगदी लहान मुलांत तो तुलनेने कमी आढळतो, पण तेथेच तो अधिक फसवा असतो. तीन-चार वर्षांचे मूल दुखण्याची जागा नीट सांगू शकत नाही. उलटी-जुलाबामुळे आजार पोट बिघडल्याचा वाटतो. परिणामी पाच वर्षांखालील मुलांत निदान होईपर्यंत आंत्रपुच्छ फुटलेले असण्याचे प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा बरेच जास्त असते. येथे एक गोष्ट विशेष नोंदवावी लागेल. दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची गोळी दोन दिवस दिल्याने ताप आणि वेदना तात्पुरत्या दबतात, चित्र धूसर होते आणि शल्यचिकित्सकाकडे पोहोचण्यास आणखी विलंब लागतो. उपचाराचा आभास हा अशा वेळी उपचार न मिळण्याइतकाच महाग पडतो.

अकरा वर्षांच्या मुलापासून आरंभ

आंत्रपुच्छ काढल्याची नोंद असलेली पहिली शस्त्रक्रिया एका मुलावरच झाली. डिसेंबर १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस एम्यंड यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियात अडकलेले आंत्रपुच्छ काढले. त्यात टाचणी रुतलेली होती. त्या काळी भूल नव्हती आणि जंतूंची कल्पनाही नव्हती, तरी मूल वाचले. आजाराला त्याचे आजचे नाव आणि स्पष्ट वर्णन मिळण्यास पुढे दीडशे वर्षे लागली. ते काम बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये केले. ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांचा जून १९०२ मधील राज्याभिषेक याच आजारामुळे पुढे ढकलावा लागला. त्यांच्या पोटातील गळू फोडणारे फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी दोनच वर्षांपूर्वी याच आजाराने आपली मुलगी गमावली होती.

प्रतिजैविके आल्यावर मृत्यू झपाट्याने घटले आणि त्याच यशातून एक समज रुजला, की थोड्या औषधाने इतका लाभ होत असेल तर जास्त औषधाने जास्त होईल. १९६१ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गिनीपिगांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की महत्त्व मात्रांच्या संख्येला नसून वेळेला आहे. जंतू जखमेत पडण्याच्या क्षणी औषध ऊतींमध्ये हजर असेल तर संसर्ग रोखला जातो. काही तासांनी दिलेले तेच औषध जवळजवळ निष्फळ ठरते. १९९२ मध्ये २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात हीच गोष्ट माणसांत दिसली. छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये जखमेच्या संसर्गाचे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे ०.६ टक्के होते.

आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत प्रतिबंधक मात्रा द्यावी की नाही, हा वाद आता मिटला आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात ४५ अभ्यास आणि ९,५७६ रुग्ण समाविष्ट होते. औषध दिल्याने जखमेतील पू आणि पोटातील गळू, दोन्ही कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वाद उरला तो पहिल्या मात्रेनंतरच्या मात्रांचा.

एक मात्रा, पण नेमक्या वेळी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियाजन्य संसर्ग टाळण्यासाठी सूचना प्रसिद्ध केल्या. प्रतिबंधक औषध छेदापूर्वीच्या १२० मिनिटांत द्यावे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी ते पुढे चालवू नये, असे त्या सांगतात. आंत्रपुच्छदाहासाठी जागतिक तातडीची शस्त्रक्रिया संघटनेने २०२० मध्ये अद्ययावत केलेल्या सूचना अधिक नेमक्या आहेत. छेदापूर्वीच्या एका तासात व्यापक प्रभावाच्या प्रतिजैविकाची एक मात्रा द्यावी आणि गुंतागुंत नसलेल्या मुलांना नंतर प्रतिजैविक देऊ नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

हे लिहिण्यास सोपे आहे. रात्रपाळीच्या गजबजाटात पाळणे तितके सोपे नाही. निदान झाल्याबरोबर वॉर्डात पहिले इंजेक्शन दिले जाते आणि ते योग्यही आहे, कारण मुलाला संसर्ग झालेलाच असतो. पण शस्त्रक्रियागृह रिकामे होईपर्यंत सहा-आठ तास गेले, तर त्या औषधाची रक्तातील पातळी छेदाच्या वेळी उतरलेली असते. 'सकाळी दिले आहे' ही केसपेपरवरची नोंद तेव्हा कामाची नसते. छेदापूर्वी पुन्हा मात्रा द्यावी लागते. मेट्रोनिडाझोल सलाइनप्रमाणे थेंबाथेंबाने सोडावयाचे असल्याने त्याला वेळ लागतो, म्हणून ते मूल टेबलावर येण्यापूर्वीच सुरू झालेले असावे. सेफाझोलिन वापरले असेल आणि शस्त्रक्रिया चार तासांपेक्षा लांबली, तर त्याची मात्रा शस्त्रक्रिया चालू असतानाच पुन्हा देतात. मुलांत प्रत्येक मात्रा वजनावरून काढली जाते. म्हणून दाखल होताना मुलाचे वजन प्रत्यक्ष काट्यावर घेणे, अंदाजाने न लिहिणे, हा या साऱ्या शिस्तीचा अगदी साधा आणि बऱ्याचदा दुर्लक्षित आरंभ आहे.

या कामी मोठे यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूचीत छेदापूर्वी मोठ्याने विचारावयाच्या प्रश्नांत 'गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले आहे काय?' हा एक प्रश्न आहे. ही सूची जगातील ज्या आठ शहरांत प्रथम पारखली गेली त्यांत नवी दिल्ली होती. त्या रुग्णालयांत मिळून गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

औषधाच्या निवडीबाबत तत्त्व असे, की आतड्यातील दोन्ही प्रकारच्या जंतूंना ते लागू पडावे: एश्चेरिशिया कोलायसारखे जंतू आणि प्राणवायूविना वाढणारे बॅक्टेरॉइड्ससारखे जंतू. सेफाझोलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी त्यासाठी अनेक ठिकाणी वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही दोन्ही औषधे पहिल्या पसंतीच्या गटात येतात. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे 'देखरेखीच्या' गटात मोडते. ते वाईट औषध आहे असे नव्हे. पण त्याचा प्रत्येक अनावश्यक दिवस अधिक किंमत वसूल करतो.

आंत्रपुच्छ फुटले असेल तर

फुटलेल्या आंत्रपुच्छात दिले जाणारे प्रतिजैविक प्रतिबंधक नसते. ते उपचार असते. हा फरक नातेवाइकांना समजावून सांगितला जात नाही आणि मग शेजारच्या खाटेवरील मुलाला दोन दिवसांत घरी सोडले, आपल्याला का नाही, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या नोंदीत 'ॲपेंडिक्स काढले' एवढे एकच वाक्य पुरत नाही. भित्तिकेत भोक दिसले काय, विष्ठेचा खडा पोटात मोकळा पडला होता काय, गळू होते काय, पू सर्वत्र पसरला होता काय, या चार गोष्टींची नोंद हवी. अमेरिकेतील बालशल्यचिकित्सेच्या दर्जा-नोंदणीत गुंतागुंतीचा आजार ओळखण्यासाठी हेच निकष वापरले जातात. नुसते लालसर किंवा काळवंडलेले आंत्रपुच्छ पाहून 'फुटण्याच्या बेतात होते' म्हणून पाच दिवसांचे औषध लिहिणे, हा सवयीचा सर्वांत मोठा चोरदरवाजा आहे.

औषधाचे दिवस काळानुसार उतरत आले. १९८० च्या दशकात अँपिसिलिन, जेंटामायसिन आणि क्लिंडामायसिन अशी तीन औषधे दहा दिवस देणे हा परिपाठ होता. पुढे दोन औषधांची साधी पद्धतही तितकीच गुणकारी असल्याचे दिसले. २०२० च्या सूचनांनुसार गुंतागुंतीच्या आजारात मुलांना ४८ तासांनंतर तोंडावाटे औषधावर आणावे आणि एकूण कालावधी सात दिवसांपेक्षा कमी ठेवावा. नेदरलँड्समधील १५ रुग्णालयांत झालेली आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याहून पुढे गेली. आठ वर्षे व त्यावरील वयाच्या हजारावर रुग्णांत शिरेवाटे दोन दिवस आणि पाच दिवस औषध देण्याची तुलना तिने केली. संसर्गजन्य गुंतागुंत व मृत्यू मिळून दोन दिवसांच्या गटात १० टक्के, तर पाच दिवसांच्या गटात ८ टक्के होते. हा फरक स्वीकारार्ह मर्यादेत बसला. ही चाचणी सधन देशातील, घरी गेल्यावरही लगेच परत येऊ शकणाऱ्या रुग्णांची आहे. दिंडोरीच्या मुलाला दोन दिवसांत घरी पाठविण्यापूर्वी जबलपूरच्या शल्यचिकित्सकाने परतीच्या वाटेचाही विचार करावा, हे तिच्याशी विसंगत ठरत नाही. औषध थांबविण्याचा निर्णय ताप उतरणे, मुलाचे खाणे-चालणे पूर्ववत होणे आणि पांढऱ्या पेशी आटोक्यात येणे यांवर घ्यावा, दिनदर्शिकेवर नव्हे.

फुटलेल्या आंत्रपुच्छानंतर पोटात पुन्हा गळू होण्याचे प्रमाण मोठे असते. काही अभ्यासांत ते पाचांत एकाच्या जवळ जाते. औषधाचे दिवस वाढवून ते कमी होत नाही. पोट सलाइनने भरपूर धुतल्यानेही होत नसल्याचे २०१२ च्या, २२० मुलांवरील एका अमेरिकी चाचणीत दिसले; नुसता पू शोषून घेतलेल्या मुलांतही गळूंचे प्रमाण जवळपास तेवढेच होते. गळू झालेच तर सोनोग्राफी करून, गरज पडल्यास ते सुईने रिकामे करून, पुवाचा नमुना तपासणीस पाठवून औषध ठरविणे, हा मार्ग आहे.

चार-पाच दिवस उशिरा आलेल्या मुलाच्या पोटात कधी कधी आतडी आणि चरबी आंत्रपुच्छाभोवती चिकटून गोळा तयार झालेला असतो. येथे जुना नियम असा, की विश्रांती आणि प्रतिजैविकांनी गोळा विरू द्यावा आणि काही आठवड्यांनी आंत्रपुच्छ काढावे. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील बालशल्यचिकित्सकांनी २०१६ मध्ये 'जर्नल ऑफ मिनिमल ॲक्सेस सर्जरी' या नियतकालिकात याच नियमाला प्रश्न विचारला. अशा मुलांवर लवकर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणे अजूनही निषिद्ध मानावे काय, की दृष्टिकोन बदलण्याची वेळ आली आहे, असा त्यांच्या लेखाचा रोख होता आणि अनुभवी हातांत लवकर शस्त्रक्रिया शक्य असल्याचे त्यांनी मांडले. औषधाच्या चर्चेत हा मुद्दा गैरलागू नाही. संसर्गाचा उगमच काढला गेला, तर प्रतिजैविकांवरचा आणि दुसऱ्यांदा दाखल होण्यावरचा भार हलका होऊ शकतो. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबाला दुसरी खेप हीच बहुधा सर्वांत अवघड जाते.

शस्त्रक्रियेविना केवळ औषध?

पालकांकडून आता हाही प्रश्न येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७ ते १७ वर्षांच्या १,०६८ मुलांच्या अमेरिकी अभ्यासात केवळ प्रतिजैविक घेतलेल्यांपैकी ६७ टक्के मुलांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील ९३६ मुलांवरील यादृच्छिक चाचणीत मात्र औषधाचा मार्ग शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला नाही. वर्षभरात अपयशाचे प्रमाण औषध गटात ३४ टक्के, तर शस्त्रक्रिया गटात ७ टक्के होते. तीनांपैकी जवळपास दोन मुले चिरफाडीविना वाचतात, हेही त्याच आकड्यांत आहे. मात्र दुखणे उलटल्यास काही तासांत रुग्णालय गाठता येणाऱ्या कुटुंबाने हा पर्याय स्वीकारणे आणि सर्वांत जवळचा शल्यचिकित्सक शंभर किलोमीटरवर असणाऱ्याने तो स्वीकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनावश्यक मात्रेची किंमत

एका मुलापुरते पाहिले, तर जादा दिवसांचे औषध म्हणजे जुलाब, पुरळ, सुई टोचलेल्या शिरेची सूज आणि रुग्णालयातला वाढीव मुक्काम. समाजापुरते पाहिले, तर प्रश्न मोठा होतो. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील २० मोठ्या रुग्णालयांत केलेल्या पाहणीत ९,६५२ रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्ण प्रतिजैविकांवर होते. त्यांतील ५५ टक्क्यांना ते झालेल्या संसर्गासाठी नव्हे, तर संसर्ग होऊ नये म्हणून दिले जात होते. जंतूची निश्चित ओळख पटवून दिलेल्या औषधांचे प्रमाण केवळ ६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर लांबणारे प्रतिबंधक औषध हा या ५५ टक्क्यांतील असा भाग आहे, जो कोणाचेही अहित न होता कमी करता येतो.

दुसरीकडे, फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या मुलाला ज्या औषधांची खरोखर गरज असते ती बोथट होत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यातील अहवालांनुसार एश्चेरिशिया कोलाय या जंतूवर इमिपेनेम हे राखीव समजले जाणारे औषध २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के नमुन्यांत प्रभावी होते; २०२३ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर उतरले. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतील असल्याने गावातून आलेल्या प्रत्येक मुलाला ते प्रमाण लागू होत नाही. पण हा जंतू तोच आहे, जो आंत्रपुच्छ फुटल्यावर पोटात पसरतो.

केंद्राने १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतील 'एच-१' ही अनुसूची लागू करून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदारांवर बंधनकारक केली. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. राज्यपातळीवर असा आराखडा करण्यात केरळनंतर दुसरा क्रमांक मध्य प्रदेशाचा लागला. तो जुलै २०१९ मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही चिठ्ठीवर लिहिण्याचे आवाहन केले. ॲपेंडिक्सच्या मुलाच्या बाबतीत हे कारण दोनच शब्दांचे असते, 'प्रतिबंध' किंवा 'उपचार'. आणि ते लिहावे लागले की पहिल्या प्रकारात दुसऱ्या दिवसाची मात्रा लिहिताना पेन थबकतो.

पालकांनी रुग्णालय सोडताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आंत्रपुच्छ फुटले होते काय, औषध पुढे चालवावयाचे असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, आणि काढलेल्या आंत्रपुच्छाचा तपासणी अहवाल केव्हा मिळेल. फुटलेल्या आजारात लिहून दिलेले औषध मूल बरे दिसते म्हणून स्वतःहून बंद करू नये. साध्या आजारात औषध लिहून दिले नाही म्हणून दुकानातून विकत आणू नये. घरी गेल्यावर ताप पुन्हा चढणे, जखम लाल होऊन पाझरणे, पोट फुगणे, सतत उलट्या, वारंवार चिकट शौचास होणे किंवा लघवी करताना ओटीपोटात दुखणे ही पोटात गळू होत असल्याची लक्षणे असू शकतात. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतात. अशा वेळी उरलेल्या गोळ्या चालू करण्याऐवजी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात मुलाला घेऊन जावे आणि सुटीचे कार्ड सोबत ठेवावे.